अमेरिकेत वीज-गॅसचा पुरवठादार निवडताना: आधी काय, नंतर काय

पुरवठादार बदलूनही बिल वाढलं, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचा क्रम चुकलेला असतो. ते आधी भाव बघतात, मग प्लॅन घेतात, वापराचे आकडे त्यानंतर आठवतात आणि करार वाचायचा राहूनच जातो. खालचा क्रम याच्या नेमका उलट आहे. जुनी बिलं हाताशी असतील तर सगळं काम एका संध्याकाळी उरकतं. त्यातला बराच वेळ दुसऱ्या आणि सहाव्या टप्प्यात जातो, आणि तिथेच जायला हवा.

लेखात 'युनिट' म्हणजे एक किलोवॉट-तास. हिशेबांतले भाव फक्त उदाहरणादाखल घेतले आहेत, आजचे बाजारभाव म्हणून नव्हे.

१. तुमच्या पत्त्यावर निवड आहे का, ते आधी बघा

राज्य खुलं आहे, म्हणजे तिथे पुरवठादार निवडता येतो, म्हणून तुमचं घरही खुल्या भागात आहे, असं नाही. टेक्सासच्या मोठ्या भागात विजेची कंपनी निवडता येते. पण ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोमध्ये वीज शहराच्या मालकीच्या कंपनीकडूनच घ्यावी लागते, आणि अनेक को-ऑपरेटिव्हच्या, म्हणजे सहकारी वीजसंस्थांच्या, हद्दीतही निवड नाही. लबक शहर २०२४ मध्ये खुलं झालं. जॉर्जियात निवड गॅसपुरती आहे, घरगुती विजेला नाही. पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, न्यू जर्सी, इलिनॉय, मेरीलँड या राज्यांत वीज आणि गॅस दोन्हींसाठी निवड मिळते, मात्र प्रत्येक वितरण कंपनीच्या (तारा-पाइप सांभाळणाऱ्या कंपनीच्या) हद्दीत मिळेलच असं नाही.

यानंतर एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

टेक्सासच्या खुल्या भागात वीज आणि जॉर्जियात अटलांटा गॅस लाइट या वितरण कंपनीच्या पाइपलाइनवरचा गॅस यांसाठी पुरवठादार निवडावाच लागतो. बाकी बहुतेक राज्यांत निवड ऐच्छिक आहे. तुम्ही काहीच केलं नाही तर वितरण कंपनी स्वतःच, राज्याच्या आयोगाने मान्य केलेल्या दराने, वीज किंवा गॅस देत राहते. अशा राज्यांत 'काहीच न करणं' हाही एक प्लॅन आहे, आणि बरेचदा तो दारावर विकायला आलेल्या माणसाच्या प्लॅनपेक्षा चांगला निघतो.

तारा, पाइप, मीटर आणि दुरुस्ती ही कामं कायम वितरण कंपनीकडेच राहतात. डॅलस भागात ऑनकॉर आणि ह्यूस्टनमध्ये सेंटरपॉइंट, मग तुम्ही वीज कोणाकडूनही घ्या. महाराष्ट्रात तार आणि वीज एकाच कंपनीची असल्याची सवय असते, त्यामुळे लाइट गेली की अनेक जण बिल पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावून बसतात. फोन वितरण कंपनीला करायचा. गॅसचा वास आला तर आधी घराबाहेर पडायचं आणि मगच फोन करायचा.

*तपासा:* ओहायो, इलिनॉय, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथली काही गावं सगळ्या रहिवाशांसाठी मिळून सामूहिक करार करतात. टपालाने आलेल्या पत्राला 'नको' असं कळवलं नाही, तर तुम्ही आपोआप त्यात धरले जाता. बिलाच्या पुरवठ्याच्या भागात अनोळखी कंपनीचं नाव दिसलं, तर ती फसवणूक समजण्याआधी गावाच्या संकेतस्थळावर बघा.

२. बारा महिन्यांचा वापर, महिनावार

सरासरी काढू नका. प्रत्येक महिन्याचा आकडा वेगळा लिहा.

बिलावर तेरा महिन्यांचा आलेख असतो, पण त्यावरून नेमका आकडा कळत नाही. वितरण कंपनीच्या खात्यात लॉग-इन करून आकडे उतरवा. टेक्सासमध्ये स्मार्ट मीटर टेक्सास या संकेतस्थळावर खातं उघडलं की पंधरा-पंधरा मिनिटांचा वापर दिसतो. त्यासाठी मीटर नंबर आणि ईएसआय आयडी लागतो. हा सतरा किंवा बावीस अंकी क्रमांक तुमच्या पत्त्याचा असतो, तुमच्या खात्याचा नव्हे. कंपनी बदलली तरी तो तोच राहतो.

नव्या घरात जात असाल तर आधीच्या मालकाकडे किंवा घरमालकाकडे वर्षभराची बिलं मागा. ती मिळाली नाहीत, तर वापरावर अवलंबून असलेली सूट देणारा एकही प्लॅन घेऊ नका, साधा सपाट भावच, म्हणजे प्रत्येक युनिटला एकच भाव, घ्या.

पुढच्या वर्षी बदलणाऱ्या गोष्टी आत्ताच मिळवा. इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर ती एका युनिटमध्ये साधारण तीन ते चार मैल जाते. महिन्याला हजार मैल चालवली तर घरच्या वापरात सुमारे ३०० युनिटांची भर पडते. घर तापवणारी गॅसची भट्टी काढून विजेवर चालणारा हीट पंप बसवणार असाल तर हिवाळ्यातला विजेचा आकडा पार बदलेल.

गॅसची एककं राज्याप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलतात. थर्म म्हणजे एक लाख बीटीयू (उष्णता मोजण्याचं एकक). सीसीएफ म्हणजे शंभर घनफूट, आणि त्यात साधारण १.०३ थर्म असतात. एमसीएफ म्हणजे हजार घनफूट, म्हणजेच दहा सीसीएफ. डेकाथर्म म्हणजे दहा थर्म.

*सावध:* एका कंपनीचा भाव सीसीएफवर आणि दुसरीचा एमसीएफवर असेल तर आकडे दहापट वेगळे दिसतात. तुलना करण्याआधी सगळे भाव तुमच्या बिलावरच्या एककात आणा.

३. आज तुम्ही नेमका काय भाव देता

बिलात दोन भाग असतात: पुरवठा आणि वितरण. पुरवठादार बदलून फक्त पहिला भाग बदलतो. एकूण बिलाला युनिटांनी भागून आलेला आकडा नव्या पुरवठादाराच्या भावाशी ताडून बघणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात नवी कंपनी कायम स्वस्तच दिसते, कारण तिच्या आकड्यात वितरणाचा खर्च धरलेलाच नसतो.

ऐच्छिक राज्यांत तुलनेसाठी लागणारा आकडा बहुधा बिलावर छापलेला असतो: 'प्राइस टू कम्पेअर'. विजेसाठी तो सेंट प्रति युनिट असतो, गॅससाठी प्रति थर्म किंवा प्रति सीसीएफ. हा दर ठरावीक तारखांना बदलतो. न्यू जर्सीत विजेचा दर १ जूनला, तर पेन्सिल्व्हेनियात बहुतेक वितरण कंपन्यांचा १ जून आणि १ डिसेंबरला बदलतो. मे महिन्यात कोणी 'आजच्या दरापेक्षा एक सेंट कमी' म्हणत असेल, तर जूनचा दर जाहीर झालाय का ते आधी बघा. बरेचदा तो झालेला असतो, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं.

टेक्सासमध्ये वितरण कंपनीचा असा मूळ दर नाही. तिथे प्रत्येक प्लॅनच्या कागदावर ५००, १००० आणि २००० युनिटांना पडणारा सरासरी भाव, वितरण खर्चासकट, दाखवावा लागतो. तिथे मात्र एकूण भावाची एकूण भावाशीच तुलना करायची.

४. आधी चाळणी लावा

यादी राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या: टेक्सासची पॉवर टू चूज, पेन्सिल्व्हेनियाची वीजेसाठी पीए पॉवर स्विच आणि गॅससाठी पीए गॅस स्विच, ओहायोची ॲपल्स टू ॲपल्स. नावाशी खेळणारी खासगी संकेतस्थळं खूप आहेत. ती कमिशनवर चालतात आणि सगळे प्लॅन दाखवतीलच असं नाही. मग यादीतून हे प्लॅन वगळा.

बदलता भाव, म्हणजे दर महिन्याला कंपनी ठरवेल तो. पहिल्या महिन्याचा आकडा आकर्षक असतो, दुसऱ्या महिन्याचा कुठेच लिहिलेला नसतो. जानेवारी २०१४ च्या कडाक्याच्या थंडीत पेन्सिल्व्हेनियातल्या अशा ग्राहकांची बिलं एकाएकी कित्येक पटींनी फुगली होती. दोन करारांच्या मधले एक-दोन महिने काढायचे असतील, तेवढ्यापुरताच हा प्रकार बरा.

घाऊक बाजाराशी बांधलेला भाव. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक भाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरवर गेला, म्हणजे युनिटला ९ डॉलर. ग्रिडी या कंपनीचे ग्राहक थेट त्या भावाला जोडलेले होते. काहींची काही दिवसांची बिलं हजारो डॉलरची झाली. त्याच वर्षी टेक्सासने घरगुती ग्राहकांना असे प्लॅन विकण्यावर बंदी घातली. इतर राज्यांत 'इंडेक्स' हा शब्द दिसला की थांबा.

'रात्री फुकट' किंवा 'शनिवार-रविवार फुकट'. फुकटचा खर्च दिवसाच्या भावात चढवलेला असतो. पंधरा मिनिटांची आकडेवारी काढून तुमच्या वापराचा निम्म्याहून बराच अधिक भाग त्या तासांत बसतो का ते बघा. गाडी रात्री चार्ज होत असेल तर बसू शकतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी दुपारी आणि संध्याकाळी धावतो, त्यामुळे इतरांचा सहसा बसत नाही.

भेटकार्ड, विमान कंपनीचे पॉइंट, मोफत थर्मोस्टॅट: यांची किंमत वर्षाच्या हिशेबातून वजा करा आणि मगच ठरवा. आधी हरखून जाऊ नका.

५. कागद शेवटाकडून वाचा

टेक्सासमध्ये तीन कागद मिळतात: ईएफएल म्हणजे दरपत्रक, सेवेच्या अटी, आणि ग्राहकाचे हक्क. इतर राज्यांत करारासोबत एक-दोन पानी सारांश असतो. जाहिरातीत काय म्हटलंय याला अर्थ नाही. या कागदांतून पुढच्या गोष्टी वेगळ्या लिहून काढा.

मुदत संपल्यावर काय होतं, हे सगळ्यात आधी. बहुतेक करारांत 'नंतर महिन्यागणिक बदलता भाव' असं लिहिलेलं असतं. काही करार आपोआप पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी नवे होतात.

मोडण्याचा दंड. तो एकरकमी आहे की उरलेल्या महिन्यांवर, हे बघा. एकरकमी १५० डॉलर आणि 'उरलेल्या प्रत्येक महिन्यामागे २० डॉलर' यांत दुसरा शेवटच्या सात महिन्यांत स्वस्त पडतो, आणि सुरुवातीला फार महाग. घर बदलल्यास दंड माफ आहे का हेही बघा. टेक्सासमध्ये नव्या पत्त्याचा पुरावा दिला तर तो आकारता येत नाही. इतरत्र करार सांगेल तसं.

मासिक ठरावीक आकार, आणि वापर कमी पडला तर लागणारा आकार. 'हजार युनिटांच्या खाली ९.९५ डॉलर' अशी ओळ ईएफएलच्या मधल्या भागात असते आणि नजरेतून निसटते.

'फिक्स्ड' या शब्दाचा अर्थ. टेक्सासमध्ये फिक्स्ड प्लॅनचा विजेचा भाव ठरलेला असतो, पण वितरण कंपनीचा आकार बदलला की तो तसाच तुमच्या बिलात येतो, आणि हा आकार साधारण मार्च आणि सप्टेंबरमध्ये बदलतो. इतर राज्यांत कायदा किंवा ग्रिडचे आकार बदलल्यास भाव वाढवण्याची मुभा देणारं कलम आहे का ते शोधा.

*तपासा:* अमेरिकेत नुकतेच आला असाल आणि क्रेडिट इतिहास नसेल, तर डिपॉझिट किती आणि कधी परत मिळतं हे साइन-अपआधी विचारा. प्रीपेड प्लॅनला डिपॉझिट लागत नाही, पण त्याचा भाव सहसा चढा असतो.

६. महिनावार हिशेब मांडा

इथे कंटाळा केला की मागचं सगळं वाया जातं. टेक्सासमधल्या एका घराचा वापर जानेवारीपासून असा समजा: ९००, ८००, ६५०, ७००, १०००, १४००, १७००, १७५०, १३००, ८५०, ६५०, ८००. वर्षाला १२,५०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी १,०४२.

दोन्ही प्लॅनना वितरण आकार सारखाच: युनिटला ५ सेंट आणि महिन्याला ४.५० डॉलर.

प्लॅन अ: विजेचा भाव १७.४ सेंट, आणि ज्या महिन्यात वापर १००० किंवा अधिक, त्या महिन्यात १२५ डॉलरची सूट. हजार युनिट वापरले तर युनिटमागे सरासरी १०.३५ सेंट पडतात, आणि जाहिरातीत हाच आकडा ठळक छापलेला असतो.

प्लॅन ब: विजेचा भाव ११ सेंट, सूट नाही. हजार युनिट वापरले तर युनिटमागे १६.४५ सेंट. यादीत हा पुष्कळ खाली दिसतो.

सरासरी वापर धरून हिशेब केला तर बाराही महिने सूट मिळते आणि प्लॅन अ वर्षाला १,३५४ डॉलरला पडतो. प्लॅन ब २,०५४ डॉलरला. निर्णय सोपा वाटतो.

आता महिनावार बघा. हजाराचा उंबरठा फक्त मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत गाठला जातो. १२,५०० युनिट गुणिले २२.४ सेंट म्हणजे २,८०० डॉलर, अधिक ठरावीक आकाराचे ५४, वजा पाच वेळा मिळालेली सूट ६२५. प्लॅन अ चा खरा खर्च २,२२९ डॉलर, म्हणजे प्लॅन ब पेक्षा १७५ डॉलर जास्त. त्यातही मे महिना काठावर आहे. त्या महिन्यात वापर ९९९ झाला असता तर सूट शून्य आणि बिल १०३.५० ऐवजी सुमारे २२८ डॉलर. बिलिंगचं चक्र कधी २८ दिवसांचं असतं, कधी ३३ दिवसांचं. तेवढ्या फरकानेही उंबरठा हुकतो.

हा प्लॅन वाईटच असतो असं नाही. ज्यांचा वापर बाराही महिने १,१०० ते १,५०० युनिटांत राहतो, त्यांना तो खरोखर स्वस्त पडतो. फक्त तसं घर हवं.

गॅसमध्ये मासिक आकार घात करतो. वितरण कंपनीचा भाव ६२ सेंट प्रति थर्म, पुरवठादाराचा ५५ सेंट आणि महिन्याला ६.९५ डॉलर. वर्षाचा वापर ६०० थर्म असेल तर वितरण कंपनीकडे ३७२ डॉलर, पुरवठादाराकडे ३३० अधिक ८३.४० म्हणजे ४१३.४० डॉलर. फक्त पाणी तापवायला आणि स्वयंपाकाला गॅस लागतो अशा उन्हाळ्यातल्या महिन्यात दहा थर्म वापरले, तर तो मासिक आकारच थर्ममागे सुमारे ७० सेंट पडतो. जॉर्जियात कंपन्यांची तुलना करतानाही प्रति थर्म भावाच्या आधी मासिक ग्राहक आकार बघा. लहान घरात निकाल तिथेच लागतो.

*तपासा:* हिशेबात वर्षाला चाळीस-पन्नास डॉलरहून कमी बचत दिसत असेल आणि तुमच्या राज्यात निवड ऐच्छिक असेल, तर आहे तिथेच राहा. वर्षाच्या मध्ये मूळ दर उतरला तर तेवढी बचत एका तिमाहीत पुसली जाते.

७. साइन-अप करताना

जुन्या कंपनीला फोन करून वीज 'बंद करा' असं सांगू नका. नव्या कंपनीकडे नोंदणी झाली की जुनीला आपोआप कळतं. टेक्सासमध्ये बंद करायला सांगितलंत, तर खरोखरच पुरवठा तुटू शकतो.

अर्जात 'स्विच' आणि 'मूव्ह-इन' असे दोन पर्याय येतात. 'मूव्ह-इन' नव्या घरात राहायला जाताना; राहत्या घरी कंपनी बदलताना 'स्विच'च निवडा. टेक्सासमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत विनादंड माघार घेण्याचा हक्क स्विचला मिळतो, मूव्ह-इनला नाही. पेन्सिल्व्हेनियातही तीन कामकाजाचे दिवस मिळतात, ओहायोत सात दिवस. माघार घेतलीत तर रद्द केल्याचा क्रमांक लिहून ठेवा.

वीज टेक्सास आणि पेन्सिल्व्हेनियात काही दिवसांत बदलते. इतरत्र बरेचदा, आणि गॅससाठी जवळपास सगळीकडे, पुढच्या मीटर रीडिंगची वाट बघावी लागते. एक-दोन बिलं जुन्याच भावाने येतात.

*सावध:* दारावर किंवा फोनवर 'आम्ही वितरण कंपनीकडून आलोय, बिल दाखवा' म्हणणाऱ्याला बिल दाखवू नका. बिलावरचा खाते क्रमांक मिळाला की अनेक राज्यांत तुमच्या नकळत पुरवठादार बदलता येतो. फोनवर 'येस' म्हणायलाही घाई करू नका, ते संमती म्हणून ध्वनिमुद्रित होतं. असा बदल झालाच, तर वितरण कंपनीला कळवून परत फिरवायला सांगा आणि राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाकडे लेखी तक्रार करा.

समान हप्त्याच्या योजनेत, म्हणजे वापर कितीही असो दर महिन्याला सारखीच रक्कम भरत, असाल तर बदलताना जुना फरक एकदम भरावा लागू शकतो. आधी बाकी विचारा. टेक्सासमध्ये थकबाकी हप्त्यांनी फेडत असाल तर खात्यावर 'स्विच होल्ड' असू शकतो आणि मग ती फिटेपर्यंत कंपनी बदलता येत नाही. उत्पन्नाधारित सवलत मिळत असेल तर ती टिकेल का हे वितरण कंपनीलाच विचारा, विकणाऱ्याला नव्हे. छतावर सोलर असेल तर परत दिलेल्या युनिटांना नवी कंपनी काय भाव देते, हे लेखी घ्या.

८. पहिलं बिल आणि शेवटची तारीख

पहिलं बिल आल्यावर ईएफएल किंवा करार शेजारी ठेवा आणि चार आकडे जुळवा: भाव, मासिक आकार, सूट आणि मुदत संपण्याची तारीख. चूक असेल तर याच महिन्यात कळवा.

मग ती शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये दोनदा नोंदवा: ४५ दिवस आधी आणि १४ दिवस आधी. पहिल्या खुणेला दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा. टेक्सासमध्ये करार संपण्याआधीच्या शेवटच्या १४ दिवसांत कंपनी बदलली तर दंड लागत नाही, म्हणून नव्या प्लॅनची सुरुवात त्या १४ दिवसांत बसवा. मुदत संपत असल्याच्या नोटिसा येतात, पण त्या जाहिरातीच्या पाकिटासारख्या दिसतात आणि थेट केराच्या टोपलीत जातात. जमलं तर मुदत वसंतात किंवा शरदात संपेल अशी निवडा. ऑगस्टमध्ये टेक्सासची वीज किंवा जानेवारीत ओहायोचा गॅस नव्याने ठरवायची वेळ येऊ नये.

पुरवठादार बुडाला तरी लाइट जात नाही. टेक्सासमध्ये तुम्ही 'प्रोव्हायडर ऑफ लास्ट रिसॉर्ट' कंपनीकडे वळवले जाता. तिचा भाव चढा असतो, पण बाहेर पडायला दंड नाही, त्यामुळे पत्र मिळताच नवी कंपनी शोधा. ऐच्छिक राज्यांत तुम्ही वितरण कंपनीच्या मूळ दरावर परतता.